संत्रेवाल्यांची रांग

बर्डीवर डिसेंबरात जिथे संत्र्यांच्या हातगाड्या लागतात, तिथे उभी राहून मी सात संत्री निवडत होते. सातच हवी होती आणि सारखी हवी होती. दहा वर्षांच्या मुलाच्या ओंजळीत नीट बसतील आणि शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतील अशी. एक उचलायचं, फिरवून बघायचं, परत ठेवायचं, असं बराच वेळ चाललेलं पाहून गाडीवाला कंटाळला. "बाई, खाची आहेत का नुसती पाहाची?" त्याने विचारलं. मी काही बोलणार तोच शेजारी उभी असलेली एक तरुण बाई हसून त्याला म्हणाली, "गाण्याची आहेत ती. तुले नाही समजाचं." मग माझ्याकडे वळून, "हो न बाई? ओळखलं का मले? मी प्रेमिला. चौथीत होतो तुमच्याकडे, बासष्टच्या साली. तुमची संत्रेवाली." साडीवर घरी विणलेला मरून स्वेटर, कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल, त्याच्या डोक्यावर कानटोपी. मी म्हटलं, "हो तर, ओळखलं ना." ओळखलं नव्हतं. तेवीस वर्षं मी शाळेत गाणं शिकवते आहे आणि गळा असलेलं एकूण एक मूल मला नावानिशी आठवतं, कुणी कुठली ओळ कशी घेतली होती तेही आठवतं. संत्रेवाले मात्र आठवत नाहीत. फार तर त्यांचे हात आठवतात.

संत्रेवाले म्हणजे कोण ते सांगायला हवं. आमची शाळा मराठी, सातवीपर्यंतची. नाताळच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी पटांगणात मांडव घालून स्नेहसंमेलन होतं आणि त्याचा शेवट माझ्या गाण्याने होतो. गाणं पंचावन्न साली मीच जुळवलं. साधं आहे, त्यात कुणी काव्य शोधू नये:

आली थंडी, आली सुट्टी,
दप्तराशी आता कट्टी,
उन्हात बसू करून गोल,
तू एक सोल, मी एक सोल.

शेवटचं 'मी एक सोल' तीनदा म्हणायचं, दर वेळी एक पायरी वर चढायचं आणि तिसऱ्या वेळी वरच्या सा वर जाऊन थांबायचं. तिथे चाळीस मुलांचा आवाज एक झाला की आमच्या मुख्याध्यापिका यमुताई चष्मा काढून डोळे टिपतात आणि शाळेला सुट्टी लागते. आता चाळीस मुलांत चाळीसही सुरेल निघत नाहीत, हे कुणीही समजू शकेल. म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की मी सगळ्यांना व्हरांड्यात उभं करते, गायला सांगते आणि वाकून, कान देऊन एकेकाच्या तोंडाजवळून जाते. ज्याचा सूर घसरतो त्याच्या डोक्यावर हात ठेवते. "तू संत्रं धर," म्हणते, "आणि गाणं ओठांवर ठेव." म्हणजे ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. एखादं मूल विचारतंच, का म्हणून? पहिल्याच वर्षी मला एक उत्तर सुचलं होतं, तेच पुढे चालत राहिलं. आवाज काढला की छाती हलते, छाती हलली की हात हलतो आणि हात हलला की संत्रं पडतं. मुलांना हे पटतं. ती पहिल्या रांगेत उभी राहतात, ओंजळीत संत्रं, कडक इस्त्रीचे कपडे, आणि गाणं संपल्यावर संत्रं घरी न्यायला मिळतं.

"मी संत्रा हातात घेतला का मले अजून तेच वाटते बाई," प्रेमिला म्हणाली, "का आता पडन." आणि हसली. मीही हसले. मूल कुरकुरायला लागलं तशी तिने त्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "हा रात्रंदिवस असाच. सासूबाई म्हणते, गाय वं काही, पोरगं झोपन. मंग मी काय करतो सांगू? पाळण्यावर वाकतो आन् नुसते ओठ हलवतो. आवाज काढतच नाही. तो आपला पाहून राहते माह्या तोंडाकडे. झोपून जाते." हेही तिने हसतच सांगितलं. त्यात गाऱ्हाणं नव्हतं. गंमत म्हणून सांगत होती, शाळेतल्या बाई भेटल्या की आपण जुन्या गमती सांगतो तशी. मुलाच्या हाताला एक संत्रं लावून तिने परत ढिगावर ठेवलं, "येतो बाई," म्हणाली आणि गर्दीत निघून गेली. गाडीवाल्याने तोपर्यंत माझी सात संत्री पिशवीत भरून टाकली होती, न निवडता, हाताला येतील ती. मी तशीच घेतली.

घरी चालत आले. बर्डीवरून घर तसं जवळ नाही, पण विधानसभेच्या अधिवेशनाचे दिवस, रिक्षावाले हवेत होते. आधी मला राग आला आणि तो प्रेमिलाचा आला. ओठ हलवायला मी एका गाण्यापुरतं सांगितलं होतं, जन्मभर नव्हे. नऊ वर्षांच्या पोरीने एक गोष्ट मनात धरून ठेवली त्याला मी काय करणार. इतर शाळांतून काय होतं ते मला ठाऊक आहे. बेसूर मुलाला सरळ रांगेबाहेर काढतात, वर्गात बसवून पाढे लिहायला देतात. एका गृहस्थांना तर मी पेटी वाजवता वाजवता पोराच्या पायावर छडी मारताना पाहिलं आहे. मी कुणाला वगळलं नाही. मी त्यांना पुढे उभं केलं, हातात काहीतरी सुंदर दिलं, आणि ती सगळी हसत घरी गेली. तेवीस वर्षांत एकही मूल रडलेलं नाही, ही माझी मिरवायची गोष्ट होती. शिक्षकांच्या खोलीत मी ती अनेकदा मिरवली होती. चालता चालता पिशवी पायावर आपटत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो पाळणा येत होता. वाकलेलं तोंड, हलणारे ओठ, आणि खाली एक लहान जीव, ज्याला अजून हेही ठाऊक नाही की गाण्याला आवाज असतो. राग तिथे टिकेना. त्याच्या जागी काहीतरी वाईट वाटायला लागलं, नक्की काय ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

घरी पोचल्यावर मी संत्री परातीत काढून ठेवली आणि मला इंदू आठवली. इंदू माझी धाकटी बहीण, आता कामठीतच असते, तीन मुलांची आई. एकोणपन्नास साली रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात कामठीच्या आमच्या शाळेला बोलावणं आलं होतं. सहा मुली, मी सतरा वर्षांची, त्यांच्यात थोरली, आणि इंदू अकराची. आदल्या दिवशी तालमीला तिथल्या ताई म्हणाल्या होत्या, एक आवाज खाली येतोय, कुणाचा ते तुम्हीच बघा. बघायची गरज नव्हती. बाहेरच्या व्हरांड्यात मी इंदूला खांबाआड नेलं आणि म्हटलं, "उद्या तू आवाज काढू नको. नुसते ओठ हलव." इंदूने विचार केला. "पण रेडिओत ओठ कुठं दिसते?" ती म्हणाली. मी म्हटलं, "ताईले दिसते न." दुसऱ्या दिवशी त्या जाड गालिच्याच्या बंद खोलीत, लाल दिव्याखाली, माझ्या शेजारी उभी राहून तिने अख्खं गाणं ओठांनी म्हटलं. फार मन लावून म्हटलं. मान डोलावली, जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास घेतला. मला तेव्हा हसू आलं नाही, हायसं वाटलं.

संध्याकाळी आम्ही कामठीला परतलो. आमच्याकडे रेडिओ नव्हता. गल्लीतली सगळी बायामाणसं शेजाऱ्यांच्या ओसरीवर जमून ऐकून आली होती. आम्ही जेवायला बसलो. आई वाढत होती. "इंदीचा आवाज कसा अलग आला वं," ती म्हणाली, "सहा जणीत बराबर ओळखला म्या." इंदूचं तोंड उजळलं. तेव्हापासून आजपर्यंत इंदू ज्याला त्याला सांगते की मी रेडिओवर गायले आहे. मुलांना सांगते, व्याह्यांना सांगते, आणि मी समोर असले तरी सांगते. आईचं ते बोलणं मला तेव्हा भाबडं वाटलं होतं. एवढंच मात्र लक्षात राहिलं की हे बोलताना वाढणारा हात थांबला होता आणि आई इंदूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. असं का, हा प्रश्न मी एकोणतीस वर्षांत स्वतःला विचारला नाही.

सोमवारी तालमीला मी सातही संत्रेवाल्यांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, यंदा संत्री नाहीत, यंदा सगळ्यांनी गायचं. मला वाटलं होतं मुलं खूश होतील. सातही तोंडं उतरली. एकाचा ओठ थरथरायला लागला. पाचवीतली गोपिका, खाप्याची, वडील इथे मिलमध्ये म्हणून दोन वर्षांपूर्वी शहरात आलेली, मागच्या वर्षीही हिच्याकडे संत्रं होतं. ती दोन वेण्या पाठीवर टाकून पुढे आली. "काहून बाई?" ती म्हणाली. "मी संत्रा पाडला का?" मला कळायला हवं होतं, की पहिली रांग, इस्त्री, सगळ्यांच्या नजरा, घरी न्यायचं संत्रं, एवढ्या सगळ्यामुळे संत्रं धरणं हा शाळेत मान झाला होता. आया एकमेकींना सांगत, आमच्याला यंदा संत्रं मिळालं. गाणारी मुलं संत्रेवाल्यांवर जळत असत. आणि आता मी सात मुलांकडून तो काढून घेत होते.

"बरं, संत्रं धरा," मी म्हटलं. "धरा आणि गा."

"पण मंग पडन," गोपिका म्हणाली.

"पडत नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं बाई. छाती हलते म्हणून."

चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ते खोटं होतं. आवाज काढल्याने संत्रं पडत नाही." मुलं चिडली नाहीत. ती फक्त वाट बघत राहिली. मग गोपिकानेच विचारलं, "मंग काहून सांगितलं होतं?" मी पेटीचा भाता उघडला आणि म्हटलं, चला, पहिल्यापासून. ती आपल्या जागी गेली. प्रश्न काही तिच्याबरोबर गेला नाही.

सहा जणांचं निभलं. दोघं तर इतके हळू गात की असून नसल्यासारखे, बाकीचे कधी सुरात, कधी शेजाऱ्याच्या आधाराने. गोपिकाचं निभेना. तिचा आवाज जाड होता आणि खरं सांगायचं तर मोठा होता. एकदा गायची परवानगी मिळाल्यावर ती मनापासून गात होती, आणि पहिल्या ओळीपासून सगळ्यांच्या खाली, आपल्याच एका वाटेने चालत होती. 'मी एक सोल' वर चढायला लागलं की बाकीची मुलं जिना चढून जात आणि ती पाटा सरकवल्यासारखा आवाज करत खालीच राहायची. सूर चुकतोय हे तिला कळत नव्हतं असंही नाही. ती मधेच माझ्याकडे बघायची, भुवया उंचावून, बरोबर आहे का म्हणून, आणि मी मान डोलावायची. माझं डोलावणंही खोटंच होतं. तेवीस वर्षांनी ते गाणं माझ्याच वर्गात मला ऐकवत नव्हतं. मला ते गाणं आवडतं, हे लपवून काय उपयोग. माझ्या हातून एवढी एकच नीटस गोष्ट झाली आहे, आणि ती माझ्यासमोर रोज विसकटत होती.

तिसऱ्या दिवशी यमुताई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, मुलांना सोडलं आणि माझ्याजवळच्या बाकावर बसल्या. यमुताई वाईट नाहीत. शाळेसाठी त्यांनी जेवढ्या चपला झिजवल्या तेवढ्या कुणी झिजवल्या नसतील. "ती दोन वेण्यांची," त्या म्हणाल्या, "तिला संत्रं होतं ना?"

"आहे अजून. गातेही आहे."

"ते ऐकलं मी." त्यांनी चष्मा पुसला. "सत्यवतीबाई, यंदा गणपतराव येताहेत. शिक्षण खात्यातून निवृत्त झाले तरी त्यांचा शब्द चालतो. आठवीचा वर्ग मिळायचा तर त्यांच्याच तोंडून मिळेल. तुमचं गाणं ऐकून पाहुणे शाळेच्या प्रेमात पडतात, हे मी पंधरा वर्षं पाहत आले आहे. एका मुलीने ओठ हलवले तर तिचं काय बिघडतं? आपलं ठरलेलंच आहे ते."

मी म्हटलं, "बघते."

आमच्या शाळेत 'बघते' म्हणजे 'हो'. यमुताई समाधानाने उठून गेल्या. आणि मीही, खरं तर, सुटल्यासारखी झाले. निर्णय दुसऱ्याने घेतला की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी मी गोपिकाला बाजूला घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला. हात ठेवल्याबरोबर ती समजली. मला काही बोलावंच लागलं नाही. "गाणं ओठावर ठेवू का बाई?" तिनेच विचारलं. मी म्हटलं, "आजच्या दिवस ठेव." त्या तालमीला गाणं जुन्यासारखं झालं, काचेसारखं स्वच्छ. वरच्या सा वर सगळी मुलं एकत्र थांबली. पहिल्या रांगेत गोपिका मान डोलावत होती, जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास घेत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. इंदू अशीच उभी होती. माझ्या शेजारी, कोपराला कोपर लावून.

मुलं गेल्यावर मी वर्गात एकटीच बसून राहिले. उन्हाचा पट्टा बाकांवरून सरकत होता. सहज चाळा म्हणून मी पेटीवर गाणं वाजवलं आणि गोपिकाचा आवाज कुठे राहत होता ते बोटांनी शोधायला लागले. तो कुठेही भरकटत नव्हता. तिची पट्टी आम्ही गातो त्या काळी पाचच्या तीन घरं खाली होती, पांढरी पाच, आणि ती दर वेळी नेमकी तिथेच उभी राहत होती. म्हणजे पोरगी आपल्या जागी गात होती. आम्ही वर होतो. काळी पाच ही माझ्या गुरूंची सवय, त्यांच्याकडून माझ्याकडे आलेली. मुलांचं गाणं म्हटलं की बोट आपोआप तिथे जातं. ती पट्टी उतरवून बघावी हे मला तेवीस वर्षांत सुचलं नाही. प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेला, पण ऐकलं एवढंच की हे माझ्याशी जुळतं का. प्रेमिलाची पट्टी कुठली होती कोण जाणे. मी तिथे रडले. फार नाही, घंटा झाल्यावर डोळे पुसले आणि चौथी 'ब' वर गेले.

मग मी सगळ्यांना पांढरी पाचवर गाऊन पाहायला लावलं, यमुताई बाहेरच्या कामाला गेल्या तेव्हा. पहिल्या तीन ओळींत गोपिका चक्क मिळाली. मिळाली म्हणजे तिचा जाड आवाज सगळ्यांच्या आवाजाखाली जाजमासारखा पसरला. पण शेवटच्या चढणीवर ती तिथेही अडकली; तिसऱ्या 'सोल'ला तिला वर जाता येईना. आणि बाकीच्यांचं तेज गेलं. ज्या चार मुलींच्या गळ्यावर हे गाणं उभं आहे, त्या खाली येऊन कंटाळल्यासारख्या गात होत्या. "बाई, हे पहिल्यासारखं छान नाही वाटत," त्यातली एक म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं, दोन्ही तयार ठेवा, पेटी जिथे लागेल तिथे लागा. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. आठवीचा वर्ग मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हती, यमुताईंचं त्यात पंधरा वर्षांचं आयुष्य होतं, आणि एका बाजूला फक्त एक मुलगी होती जी हसत हसत ओठ हलवायला तयार होती.

संमेलनाच्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. मांडवात ऊन येईपर्यंत पालक शाली लपेटून बसले होते. गणपतराव पहिल्या खुर्चीवर, गळ्यात हार, शेजारी यमुताई. तिसऱ्या रांगेत कडेला पांढरी टोपी आणि जाड घोंगडी. गोपिकाचे आजोबा, नत्थूजी, मी त्यांना ओळखलं. मागच्या वर्षीही ते खाप्याहून आले होते आणि कार्यक्रम संपल्यावर गोपिकाचा हात धरून माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "आमच्या गोपीचा आवाज बराबर ओळखू आला बाई." यात नवल नाही. संत्रेवाल्यांच्या घरची माणसं दर वर्षी येऊन हे सांगतात आणि मी दर वर्षी हसून मान डोलावते. आई-बापांचे कान भाबडे असतात, अशी माझी समजूत होती.

पडद्यामागे मी एकेकाच्या ओंजळीत संत्रं देत गेले. गोपिकाची पाळी आली. तिने संत्रं घेतलं, घट्ट धरलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, आज कोणतं? ओठाचं का आवाजाचं?" जशी मुलं विचारतात, आज गणित का भाषा. तिची दोन्हीची तयारी होती. मी जे म्हणेन ते ती करणार होती आणि करून घरी जाऊन संत्रं सोलून खाणार होती. पडद्याच्या फटीतून यमुताईंचा चष्मा चमकताना दिसत होता. माझ्या तोंडात 'ओठाचं' हा शब्द तयार होता. मी तो म्हणणारच होते. पण तिचे दात बघता बघता, ते हसायला तयार असलेले दात, मला वाटलं, हिला उद्या मूल होईल.

"आवाजाचं," मी म्हटलं.

पडदा उघडला. मी पेटीवर हात ठेवला, बोट सवयीने काळी पाचवर गेलं, ते उचलून मी पांढरी पाचवर ठेवलं आणि भाता ओढला. मुलं क्षणभर चपापली आणि मग तिथे लागली. आली थंडी, आली सुट्टी. गाणं मांडवभर जडपणे चालायला लागलं. त्यात ते जुनं काचेसारखं काही नव्हतं. पण पहिल्या रांगेतून गोपिकाचा आवाज येत होता, खाली, भरीव, आणि तो एकटाच जणू थंडीत उभं राहिल्यासारखा सगळ्यांना ऐकू येत होता. उन्हात बसू करून गोल. दुसऱ्या 'मी एक सोल'पर्यंत ती आली. तिसऱ्याला सगळे वर गेले आणि ती अडकली, जिथे अडकायची तिथेच, आणि गाणं थांबलं तेव्हा वरच्या सा च्या खाली तिचा तो दुसराच सूर थोडा जास्त वेळ उरला. कुणीतरी मागे फिसकन हसलं. संत्रं पडलं नाही. टाळ्या पडल्या, बऱ्या पडल्या. यमुताईंनी चष्मा काढला नाही.

गणपतराव भाषणात शाळेच्या शिस्तीबद्दल बोलले, गाण्याबद्दल बोलले नाहीत, आठवीबद्दलही नाही. यमुताई मला म्हणाल्या, "यंदा गाणं जरा बसलं, नाही?" आणि मी काही बोलायच्या आत पाहुण्यांना चहाला घेऊन गेल्या. त्या मला हे लवकर माफ करतील असं वाटत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मी पेटीचं झाकण लावत होते. माणसं मांडवातून उन्हाकडे सरकत होती, मुलं सुट्टी सुट्टी म्हणून पळत होती. नत्थूजी आले. एकटेच आले, गोपिका मैत्रिणींत होती.

"बाई," ते म्हणाले, "यंदा पोरीचा आवाज आला."

मला जरा हसूच आलं. "मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात, नत्थूजी."

"हो. म्हणलं होतं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली, आतून बघितली आणि परत घातली. "तवा आला नव्हता. लेकरू हात धरून उभं होतं, मी काय म्हणतो ते आयकून राहिलं होतं. मंग काय म्हणाव? पण तुमाले भी समजाले पाहिजे म्हणून तुमच्यापाशी येऊन म्हणलं." मग मुलींच्या घोळक्याकडे बघत, "आज आला. वरतं जाता जाता अटकली न, तेच आमची गोपी."

"सूर लागला नाही तिचा तिथे," मी म्हटलं.

"नाही लागत. आमच्या घरी कोणाचाच लागत नाही." हे त्यांनी अजिबात वाईट न वाटता सांगितलं. "बरं, येतो बाई. बसचा टाइम झाला." आणि घोंगडी सावरत ते फाटकाकडे गेले. तिथे गोपिका त्यांना भेटली आणि दोघं उन्हात उभी राहून संत्रं सोलायला लागली.

मी पेटीवर हात ठेवून तशीच बसून राहिले. कामठीचं आमचं स्वयंपाकघर माझ्यासमोर आलं. इंदूचं उजळलेलं तोंड, हात थांबवून उभी असलेली आई, आणि तिची नजर. सहा जणींत बराबर ओळखला म्या. ती इंदूसाठी बोलत होती आणि बघत माझ्याकडे होती. आईला इंदूचा आवाज ऐकू आला नव्हता. ते ती मला सांगत होती.